सोबत चालणारा दगड



आकाशातल्या एखाद्या वाटेविषयी रेडिओवर बोलायचं, तर हाताशी खडू नसतो आणि समोर फळा नसतो. आज ज्या दगडाविषयी मी बोलणार आहे, त्याची वाट तर चित्र काढूनही चटकन उमगत नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. गावातला एखादा पिंपळाचा पार डोळ्यांपुढे आणा. दोन जावा त्या पिंपळाला प्रदक्षिणा घालताहेत. थोरली जाऊ झाडापासून एकच अंतर राखून संथपणे चालते. धाकटीचं तसं नाही. निम्मा फेरा ती पाराला अगदी लागून झपाझप जाते, आणि उरलेला निम्मा फेरा लांबून, रेंगाळत. फेरा मात्र दोघींचा एकाच वेळी पुरा होतो.

आता थोरलीच्या नजरेतून बघा. धाकटी तिच्या उजव्या हाताला, झाडाच्या बाजूला असते तेव्हा तिला मागे टाकून पुढे जाते. मग समोरूनच डाव्या हाताला, बाहेरच्या बाजूला येते. तिथे तिची पावलं रेंगाळतात, ती मागे पडते, आणि थोरलीच्या पाठीमागून पुन्हा उजवीकडे शिरते. थोरलीला वाटेल, ही पिंपळाला कुठे फेरे घालते आहे, ही तर मलाच फेरे घालते आहे!

पिंपळ म्हणजे सूर्य. थोरली म्हणजे आपली पृथ्वी. आणि धाकटी म्हणजे एक लहानसा लघुग्रह. त्याचं नाव कामोओआलेवा.

२७ एप्रिल २०१६ रोजी हवाईतल्या माउई बेटावर, हालेआकाला या ज्वालामुखीच्या माथ्यावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला तो पहिल्यांदा दिसला. सुरुवातीला त्याला २०१६ एचओ३ असं कोरडं नाव मिळालं. पुढे हवाईतल्या स्थानिक भाषेत शिकणारी मुलं आणि त्या भाषेचे जाणकार यांनी मिळून त्याचं बारसं केलं. कुमुलिपो हे त्या बेटांवरचं परंपरेनं चालत आलेलं सृष्टिस्तोत्र आहे, नाव त्यातून घेतलं. आकाशात झुलत राहणारा तुकडा, असा काहीसा त्याचा अर्थ. ज्या डोंगरावरून दगड दिसला, त्या डोंगराच्या लेकरांनी त्याला आपल्या भाषेतलं नाव द्यावं, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि नावही इतकं नेमकं, की पुढचं भाषण त्यातच आलं.

तो झुलतो कसा, ते सांगतो. पृथ्वी सूर्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटरवरून फिरते. हा दगड कधी १३ कोटी ४० लाखांपर्यंत आत येतो, कधी १६ कोटी ५० लाखांपर्यंत बाहेर जातो. आत आला की वेग वाढतो, बाहेर गेला की मंदावतो, हा केप्लरचा जुना नियम. त्याचं वर्ष मात्र आपल्या वर्षाइतकंच, जवळजवळ ३६६ दिवसांचं. शिवाय त्याची वाट आपल्या वाटेशी सुमारे ८ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे वर्षातले काही महिने तो आपल्या पातळीच्या वर असतो, काही महिने खाली.

मी अनेक वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हा दगड सापडल्याची बातमी वाचली तेव्हा मी अंगणात खडूनं दोन कक्षा आखल्या आणि मुलांना त्यांवरून चालायला लावलं. खेळ संपल्यावर सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग तो आपला आहे का?" मी तिला लगेच सांगितलं, नाही, तो सूर्याचा. उत्तर चूक नव्हतं, पण घाईचं होतं. तो प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर राहिला आहे.

गुरुत्वाकर्षणाचा हिशोब मांडला तर तो खरंच आपला नाही. पृथ्वीची पकड आहे साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंत. चंद्र त्या पकडीत आरामात बसतो. कामोओआलेवा आपल्या जवळात जवळ येतो तोही चंद्राच्या ३८ पट अंतरावर, म्हणजे जवळजवळ दीड कोटी किलोमीटरवर. उद्या पृथ्वी नाहीशी झाली तरी तो आपला फेरा तसाच पुरा करील. म्हणून त्याला उपग्रह म्हणत नाहीत. क्वाझी-सॅटेलाइट म्हणतात, मराठीत आभासी उपग्रह म्हणू या. त्याच्यापासून भीतीचंही कारण नाही, ही गोष्ट काळजीनं ऐकणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

पण मग पृथ्वीचा त्याच्याशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो मोठा हळुवार आहे. त्याचं वर्ष आपल्या वर्षाशी अगदी काटेकोर जुळलेलं नाही. दर फेरीला तो किंचित पुढे तरी सरकतो किंवा मागे तरी पडतो. असं साचत गेलं असतं तर काही काळात तो सूर्याच्या पलीकडे पोचला असता. पण तो जरा दूर जाऊ लागला की पृथ्वीची ओढ, फार थोडी पण दर वर्षी न चुकता लागणारी ओढ, त्याचा कल परतवते. म्हणून तो चंद्राच्या सुमारे १०० पट अंतरापलीकडे जात नाही. ३८ ते १०० या दोन आकड्यांच्या मधे त्याचं झुलणं चालतं. जवळजवळ शतकभर हे असंच चाललं आहे, आणि पुढची काही शतकं असंच चालेल असं गणित सांगतं. सगळ्यांचं असं टिकत नाही. २००३ वायएन१०७ नावाचा असाच एक दगड दहाएक वर्षं आपल्या सोबत हिंडला आणि २००६ च्या सुमारास निघून गेला.

आता आकार. तो ४० ते १०० मीटरच्या दरम्यान असावा. विजापूरचा गोलघुमट साधारण ५१ मीटर उंच आहे, त्यावरून अंदाज करा. आणि असा हा गोलघुमटाएवढा दगड २८ मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेतो. म्हणजे तिथला दिवस चौदा मिनिटांचा आणि रात्र चौदा मिनिटांची. सुट्ट्या दगडगोट्यांचा, नुसत्या स्वतःच्या वजनानं जमलेला ढीग इतक्या वेगानं फिरला तर विस्कटून जाईल. तेव्हा हा बहुधा एकसंध खडक असावा, कशातून तरी फुटून निघालेला.

कशातून? इथे त्या मुलीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

हा दगड बघणं महाकठीण. दर वर्षी एप्रिलच्या आसपास तो त्यातल्या त्यात उजळ असतो, तेव्हाही आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्यापेक्षा तो सुमारे चाळीस लाख पटींनी मंद असतो. ॲरिझोना विद्यापीठातले बेन शार्की आणि विष्णु रेड्डी यांनी मोठ्या जोड-दुर्बिणीतून त्याचा प्रकाश गोळा केला. तिचे दोन आरसे, प्रत्येकी ८.४ मीटरचे. वर्णपट आला तो लघुग्रहांच्या नेहमीच्या नमुन्यांशी जुळेना, प्रमाणाबाहेर लालसर होता. पुन्हा तपासावं, तर २०२० चा एप्रिल महासाथीनं गिळला, दुर्बीण बंद. वर्षभर थांबून २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं आणि मगच निष्कर्ष छापला. या दगडाचा प्रकाश जुळत होता तो अपोलो-१४ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या मातीशी.

चंद्राचा तुकडा! चंद्रावर काहीतरी जोरानं आदळलं, खडक उडाले. चंद्राचं गुरुत्वाकर्षण तोडायला सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटर वेग लागतो. तो मिळालेले खडक कायमचे बाहेर पडले. त्यांतले बहुतेक इकडेतिकडे पांगले असणार. पण २०२३ साली शास्त्रज्ञ रेणू मल्होत्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर अशा खडकांच्या वाटा सोडून पाहिल्या, तेव्हा त्यांतले अगदी थोडे नेमके या झुलत्या कक्षेत येऊन बसतात असं दिसलं. थोडे, पण बसतात. आणि २०२४ साली आणखी एका गटानं जागाही सुचवली. चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं, कडेजवळचं, २२ किलोमीटर रुंदीचं जोर्दानो ब्रुनो विवर. १६०० साली रोममध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या तत्त्वज्ञाचं नाव त्याला आहे. आपल्या लोणारच्या काठावर उभं राहून ज्यांनी तो खड्डा पाहिला आहे, त्यांच्यासाठी सांगतो, लोणारचा व्यास जेमतेम १.८ किलोमीटर. तेव्हा बाराएक लोणार एका ओळीत मावतील एवढं हे विवर. चंद्राच्या वयाच्या मानानं ते कोवळंच, दहा लाख ते एक कोटी वर्षांमधलं.

हे सगळं अजून अंदाजाच्या पातळीवर आहे. चंद्राच्या मातीसारखा दिसणारा म्हणजे चंद्राचाच, असं म्हणता येत नाही. निकाल लागायला दगड हातात यावा लागेल. त्यासाठी मे २०२५ मध्ये चीनच्या शिचांग तळावरून तियानवेन-२ हे यान निघालं. २०२६ मध्ये त्यानं कामोओआलेवाजवळ पोचावं, तिथली माती उचलावी आणि २०२७ च्या अखेरीस ती कुपीतून पृथ्वीवर सोडावी, अशी आखणी आहे. तियानवेन म्हणजे आकाशाला विचारलेले प्रश्न. गिरक्या घेणाऱ्या एवढ्याशा दगडावरून माती उचलायची, जिथे गुरुत्वाकर्षण नसल्यात जमा, हे काम किती अवघड असेल याची कल्पना करून बघा.

ती माती आली की तिच्यातला ऑक्सिजन तपासतील. ऑक्सिजनचे तीन स्थिर प्रकार असतात, वजनानं थोडे वेगळे. सूर्यमालेत जो गोळा जिथे घडला, तिथलं या तिघांचं प्रमाण त्याच्या अंगात उतरलं. मंगळाचं वेगळं, बहुतेक अशनींचं वेगळं. चंद्राचं आणि पृथ्वीचं मात्र जवळजवळ तंतोतंत एक आहे, एका रक्ताच्या भावंडांसारखं. कामोओआलेवाच्या मातीत तेच प्रमाण निघालं, तर त्याचं घर कोणतं ते ठरेल.

ती सातवीतली मुलगी आता कॉलेजात शिकते. मी तिला एवढंच कळवलं आहे की तुझ्या प्रश्नाचं मी दिलेलं उत्तर तूर्त मागे घेतो, २०२७ पर्यंत वाट बघ.