परक्या मुलांत काम करायचे तर



परमुलखात जाऊन तिथल्या अनाथ मुलांत काम करण्याची हौस आज जगभरच्या तरुणांत दिसते. हौस चांगलीच आहे. पण भाषा वेगळी, देव वेगळा, ताटातले अन्नही वेगळे. अशा मुलांशी जिव्हाळा जुळायचा कसा? याचे एक उत्तर स्वित्झर्लंडमधल्या एका बालग्रामाने देऊन ठेवले आहे. त्याची हकीकत आज सांगतो.

दुसरे महायुद्ध चालू असताना, ऑगस्ट १९४४ मध्ये, वाल्टर रोबर्ट कोर्ती या स्विस विचारवंताने एका मासिकात लेख लिहिला. युद्धात आईबाप गमावलेल्या मुलांसाठी एक गाव वसवावे, असे त्याने सुचविले. लोकांनी ते मनावर घेतले आणि एप्रिल १९४६ मध्ये ट्रोगेन या डोंगराळ ठिकाणी पायाचा दगड बसला. गावाला नाव दिले पेस्टालोझीचे. डोके, हृदय आणि हात या तिन्हींचे शिक्षण सांगणारा हा थोर शिक्षक आपल्या शिक्षकांच्या ओळखीचा आहेच. १७९९ साली श्टान्स गावी लढाईमुळे उघड्यावर पडलेली मुले त्याने स्वतः सांभाळली होती.

ट्रोगेनची घरे बांधायला देशोदेशींचे स्वयंसेवक आले. मुले आली ती फ्रान्स, पोलंड, जर्मनी, इटली अशा देशांतून. कालपरवापर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या राष्ट्रांची ही लेकरे! सर्वांना एका छपराखाली ठेवून एकच भाषा शिकविणे सोपे होते. पण तसे केले नाही. प्रत्येक देशाच्या मुलांना वेगळे घर दिले. घरात आईबापांच्या जागी त्याच देशाची माणसे नेमली आणि शिकविणे मातृभाषेतून ठेवले. खेळ, उत्सव मात्र सगळ्यांचे मिळून. आपल्या उंबऱ्यात पाय घट्ट रोवला, की मूल शेजारच्या अंगणात न भिता जाते, हे त्यामागचे मर्म. पुढे १९६० साली तिबेटी निर्वासित मुले तिथे आली, तेव्हा त्यांच्यासोबतही तिबेटी वडीलधारी माणसे होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. भिंती उभारणारे स्वयंसेवक काम आटोपून आपापल्या देशी गेले. मुलांना जवळ घेणारी माणसे मात्र तिथेच राहिली.

आज पुष्कळदा याच्या उलट घडते. नेपाळ, कंबोडिया अशा देशांतल्या अनाथालयांत परदेशी पाहुणे पैसे भरून दोन-चार आठवडे राहतात. मूल गळ्यात पडते, लळा लागतो, आणि महिना सरला की ताई निघून जाते. मग दुसरी येते, तीही जाते. आधीच पोरके झालेले लेकरू असे पुन्हा पुन्हा पोरके होते. शिवाय यांतल्या अनेक मुलांची आई किंवा बाप हयात असतो. पाहुण्यांचा पैसा मिळावा म्हणून मुलांना घरातून आणल्याचेही उघडकीस आले आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात या प्रकाराची दखल घेतली.

मग जाऊच नये का? जावे की! पण आधी तिथली भाषा थोडी शिकून जावे. शाळेची भिंत बांधावी, पाण्याची सोय करावी, तिथल्या शिक्षकाच्या हाताखाली राबावे. आपण कधी परतणार ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. मुलाचे घर शाबूत असेल, तर ते घर टिकविण्याला हातभार लावावा.

आणि शिक्षकहो, यासाठी विमानातच बसले पाहिजे असे नाही. परप्रांतातून पोटासाठी आलेल्या मजुराचे मूल तुमच्या वर्गात बसले असेल, तर त्याच्या भाषेतले एक गाणे वर्गाला म्हणून दाखवायला त्याला सांगा. तुम्ही तर उद्याही तिथेच असणार आहात. पाहुण्याला जे देता येत नाही, ते तुमच्यापाशी आहे.