नास्तिक कोणास म्हणावें?



"फादर, आमचा मुलगा नास्तिक झाला," असें सांगत आईबाप आमच्याकडे येतात, तेव्हां आम्ही प्रथम विचारतों, "तो नेमकें काय म्हणाला?" बहुधा ह्याचें उत्तर मिळत नाहीं. शब्द कठोर आहे. कोणास लावण्यापूर्वीं तो पारखून घ्यावा.

आपल्या मावळांतलीच गोष्ट घ्या. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणीं ज्या बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलीं गेलीं, त्यांस जुने शास्त्री नास्तिक म्हणत. कारण वेदांचें प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक, अशी त्यांची व्याख्या. ह्या मापानें आपण ख्रिस्ती लोकही नास्तिकच ठरतों! उलट, जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक वेद मानीत, म्हणून ते आस्तिक.

रोमन साम्राज्यांत तर आपल्या पूर्वजांवर हाच आरोप होता. राज्याच्या देवांस ते भजत नसत, एवढाच त्यांचा अपराध. दुसऱ्या शतकांत स्मुर्णा येथील वृद्ध बिशप संत पोलिकार्प ह्यांस नास्तिकांचा धिक्कार करण्यास फर्माविण्यांत आलें. म्हणजे स्वतःच्याच मंडळीचा. त्यांनीं भोंवतालच्या जमावाकडे हात करून तो धिक्कार केला! मग त्यांस अग्नीच्या स्वाधीन करण्यांत आलें.

आमच्या मतें, ईश्वर नाहीं असें जो विचारपूर्वक ठरवितो, तोच नास्तिक. ईश्वर आहे कीं नाहीं हें मनुष्यास कळणारच नाहीं, असें म्हणणारा तो अज्ञेयवादी. पुण्याचे गोपाळ गणेश आगरकर (1856–1895) ह्यांस पुष्कळ जण ह्याच वर्गांत घालतात. सनातन्यांनीं जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी आपणांस जें सत्य वाटे तेंच ते 'सुधारका'त लिहीत राहिले. त्यांचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. त्यांच्या सचोटीचा मात्र आम्हां धर्मगुरूंनाही हेवा वाटावा. आणि बंगल्यावरील माळ्याची मजुरी थकवून रविवारीं पहिल्या बांकावर बसणाऱ्यास काय म्हणावें? लोक देवापासून दुरावतात त्यांत श्रद्धावंतांचाही वांटा असतो, हें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 1965 सालीं स्पष्टच सांगितलें आहे.

तो वांटा आम्हीही उचलला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका तरुणानें आईच्या मृत्यूनंतर मिस्सेला येणें सोडलें. आम्हीं त्यास चारचौघांत नास्तिक म्हटलें. पुढें त्याच्या बहिणीकडून कळलें कीं, आईसाठीं त्यानें नऊ दिवस नोव्हेना केली होती, व ती गेल्यापासून रोज रात्रीं तो देवाशीं भांडत असे. जो नाहींच, त्याच्याशीं कोण भांडेल? ईयोबही भांडलाच होता. हें कळलें तोंवर तो लोणावळें सोडून गेला होता.

ज्युबिलीच्या निमंत्रणासोबत आम्हीं त्यास क्षमेचें पत्र पाठविलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.