शहाणे गिऱ्हाईक



आजच्या व्याख्यानाचा विषय कुस्ती असल्याचे जाहीर झाल्यामुळे आपणांपैकी काही मंडळी खासबागेतल्या तांबड्या मातीची अपेक्षा धरून आली असतील. त्यांची मी प्रारंभीच क्षमा मागतो. मी बोलणार आहे ते अमेरिकेतल्या धंदेवाईक कुस्तीविषयी. आणि त्यातही पैलवानांविषयी थोडे, सभोवार बसणाऱ्या प्रेक्षकांविषयी अधिक. या प्रेक्षकांनी स्वतःला आणि एकमेकांना नावे ठेवलेली आहेत. आपल्या भाषेत ‘नावे ठेवणे’ याचे जे दोन अर्थ होतात, ते दोन्ही येथे लागू पडतात.

या विषयाकडे मी वळलो त्याचे कारण घरगुती आहे. आमच्या घरी केबल आली तेव्हा मी शाळेत होतो. संध्याकाळी अमेरिकन कुस्त्या लागत आणि आम्ही मुले त्यांतल्या पैलवानांची चित्रे असलेले पत्ते खेळत असू. आमचे आजोबा कोल्हापूरचे. तरुणपणी त्यांनी खासबागेतले मैदान कधी चुकवले नाही आणि पुढे मुंबईस नोकरीला असताना दारासिंग व किंगकाँग यांच्या कुस्त्याही त्यांनी पदरचे पैसे मोजून पाहिल्या होत्या. एके दिवशी माझा थोरला चुलतभाऊ मला म्हणाला, “अरे येड्या, हे सगळं ठरवून असतं!” मी रडलो. पण आज विचार करता वाटते, कुस्ती खोटी आहे याचे मला दुःख झाले नव्हते. ते सर्वांना ठाऊक होते आणि मला एकट्यालाच नव्हते, याचे झाले होते. आजोबा मात्र पडद्याकडे पाहात एवढेच म्हणाले, “आपल्यात पाठ एकदा टेकली की कुस्ती संपली. ह्यांची सगळी कुस्ती पाठीवरच चाललीय. पण पडतोय बघ कसा! हनुवटी छातीला धरून, हात पसरून. हे शिकायला वर्षं लागतात लेका.”

या एका खोलीत, श्रोतेहो, तीन जातींचे प्रेक्षक बसलेले होते. त्यांना अमेरिकेत काय म्हणतात ते आता पाहू.

अमेरिकेतला हा धंदा गावोगाव फिरणाऱ्या जत्रांतून वाढला. जत्रेच्या तंबूत एक पैलवान उभा राही आणि गावातल्या कोणीही त्याच्यासमोर काही मिनिटे टिकून दाखवावे व बक्षीस न्यावे, अशी दवंडी पिटली जाई. गर्दीतून जो पहिला धिटाईने पुढे येई, तो पुष्कळदा कंपनीचाच माणूस असे. या जत्रेकऱ्यांची एक गुप्त बोली होती. ठरवून केलेल्या कुस्तीला ‘वर्क’ म्हणत, खऱ्या झटापटीला ‘शूट’. हे गुपित बाहेर फुटू न देण्याचा जो कडक रिवाज, त्याला पुढे ‘केफेब’ असे नाव पडले. त्या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी नाना तर्क आहेत. आणि जो पैसे देऊन तंबूत शिरतो व सगळे खरे मानतो, तो ‘मार्क’. सांगतात ते असे की, सहज फसणारा माणूस सापडला की त्याच्या पाठीवर खडूची खूण करून पुढच्या दुकानदाराला इशारा देत. ही कथा खरी असो वा नसो, शब्दाचा अर्थ त्यात नेमका आला आहे. मराठीत आपण ‘गिऱ्हाईक’ म्हणतो. दुकानात येतो तोही गिऱ्हाईक आणि ज्याची फजिती करायची त्याचेही गिऱ्हाईकच करतात.

कुस्ती खोटी का करावी लागली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९०८ साली शिकागोस फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट यांची गाजलेली लढत सुमारे दोन तास चालली. १९१६ साली ओमाहा येथे एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस व जो स्टेचर हे पाच तासांच्या आसपास एकमेकांना धरून राहिले आणि लढत बरोबरीत सुटली. खरी कुस्ती पुष्कळदा अशी संथ असते. तिच्यातला रस कळायला जाणकार डोळा लागतो. मग १९२० नंतरच्या वर्षांत याच लुईसने बिली सँडो आणि टूट्स मोंट यांच्या साह्याने वेळेची मर्यादा, झटपट डाव आणि आधी ठरवलेला शेवट असा नवा खेळ देशभर फिरवला. नायक ठरले, खलनायक ठरले.

हे सोंग रिंगणाबाहेरही वठवावे लागे. नायकाने व खलनायकाने एका गाडीतून प्रवास करावयाचा नाही, एका टेबलावर जेवावयाचे नाही. १९८७ साली न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत आयर्न शेख हा इराणी खलनायक आणि जिम डगन हा देशभक्त नायक शेजारी शेजारी बसलेले निघाले. मादक द्रव्ये जवळ बाळगल्याबद्दल त्यांना पकडले. पण धंद्यातल्या लोकांना खरा धक्का बसला तो हे दोघे वैरी एका गाडीत सापडले याचा. त्याआधी, १९८४ च्या डिसेंबरात, जॉन स्टॉसेल नावाच्या दूरचित्रवाणी वार्ताहराने डेव्हिड शुल्ट्झ या पैलवानाला तोंडावर सांगितले की मला हे खोटे वाटते. शुल्ट्झने त्याच्या दोन्ही कानांवर एकेक थप्पड मारून त्याला खाली पाडले. खोट्याचा मान राखण्यासाठी मारलेल्या या थपडा अगदी खऱ्या होत्या.

आणि मग १९८९ साली एक विलक्षण गोष्ट घडली. या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपनीनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कबूल केले की आमची कुस्ती ही क्रीडा नसून करमणूक आहे. सत्याची चाड हे त्याचे कारण नव्हते. क्रीडा म्हटली की सरकारी मंडळाची देखरेख आली आणि करही आला. त्यांतून सुटण्यासाठी हा कबुलीजबाब होता. गुपित उघडे पडल्यावर गिऱ्हाईक पळून जाईल, असे कोणासही वाटले असते. उलट पुढल्या दहा वर्षांत या खेळाने लोकप्रियतेचा नवा उच्चांक गाठला.

याचे उत्तर दुसऱ्या जातीच्या प्रेक्षकापाशी आहे. त्याचे नाव ‘स्मार्ट’. पूर्वी हा शब्द आतल्या गोटातल्या माणसापुरता होता. पण १९८० नंतर काही हौशी मंडळींनी आतल्या बातम्यांची पत्रके काढून टपालाने वर्गणीदारांना धाडण्यास आरंभ केला. त्यांत डेव्ह मेल्ट्झर यांचे ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ सर्वांत प्रसिद्ध झाले. जपानमधल्या कुस्त्यांच्या चित्रफितींची अदलाबदल होऊ लागली; कुस्तीला नाटकासारखे गुण देणे, तारे देणे सुरू झाले. कोण जिंकला, यापेक्षा कोणाला जिंकवले व का जिंकवले, याची चर्चा होऊ लागली. हा प्रेक्षक अभ्यासू होता. त्याने या कलेला कला म्हणून पाहिले, हे त्याचे श्रेय आपण दिले पाहिजे.

पण त्याच्याच भाईबंदांनी त्याला लवकरच तिसरे नाव ठेवले: ‘स्मार्क’. ‘स्मार्ट’ आणि ‘मार्क’ यांचा हा जोडशब्द. आपण त्याला शहाणे गिऱ्हाईक म्हणू. स्वतःला आतला समजतो, पण तिकीट काढूनच आत येतो, तो स्मार्क. या शब्दात जी बोचरी थट्टा आहे ती पुढे शब्दशः खरी ठरली.

९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रिअलला ब्रेट हार्ट व शॉन मायकल्स यांची लढत झाली. ब्रेट कॅनडाचा, विजेतेपद त्याच्याकडे आणि तो लवकरच प्रतिस्पर्धी कंपनीत जाणार होता. मायदेशात हरावयास त्याने नकार दिला होता. लढत अनिर्णित सुटावी असे ठरले होते. प्रत्यक्षात मायकल्सने त्याला पेचात धरताच, ब्रेटने हार मानलेली नसताना, मालक व्हिन्स मॅकमॅहन यांनी घंटा वाजवावयास लावली. खोट्या कुस्तीत खरी फसवणूक झाली. भाबड्या प्रेक्षकाला काही कळेना, हे ठीक. परंतु शहाण्यालाही कळेना. ब्रेटही त्यात सामील होता काय, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला. चतुर मालकांनी त्यातून एक धडा घेतला. पैलवानाने मध्येच संहिता सोडून मालकावर टीका केल्याचा देखावा करावयाचा, म्हणजे शहाणे गिऱ्हाईक म्हणते, “हे मात्र खरे दिसते!” खऱ्याचे सोंग घेतलेले हे खोटे विशेषतः शहाण्यांसाठीच शिजवलेले असते. भाबड्याला पैलवानाचा राग विकला जातो, शहाण्याला त्याच्या शहाणपणाचे सुख विकले जाते. खडूची खूण दोघांच्याही पाठीवर आहे. फरक इतकाच की शहाण्याला आपली पाठ दिसत नाही.

या दोन जातींचे भांडण ऐकावयाचे असेल तर जॉन सीना या पैलवानाच्या लढती पाहाव्यात. तो आला की अर्धे सभागृह जयजयकार करी आणि उरलेले अर्धे त्याच चालीत हुर्यो उडवी. जयजयकारात पोरांचे आवाज अधिक, हुर्योत बाप्यांचे. २००६ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या एका सभागृहात तर ‘सीना जिंकला तर आम्ही दंगा करू’ असा फलकच झळकला. शहाण्यांचे म्हणणे असे की हा माणूस पोरांसाठी आहे. ते खरेच होते. गंभीर आजाराने ग्रासलेल्या मुलांची एक इच्छा पुरी करणारी एक संस्था अमेरिकेत आहे. तिच्यामार्फत सीनाने साडेसहाशेहून अधिक मुलांची भेट घेतली आहे. त्या मुलांना कोणी मार्क म्हणेल काय? आणि म्हटलेच, तर त्या शब्दात लाज वाटण्यासारखे काय उरते?

आता मी एका दुःखद प्रसंगाकडे येतो. या विषयावर बोलावे असे मला वाटले ते याच प्रसंगामुळे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट, म्हणजे ब्रेटचाच धाकटा भाऊ, सभागृहाच्या छतावरून दोराने रिंगणात उतरणार होता. दोराची कडी वेळेआधी सुटली आणि तो सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून खाली कोसळला. त्याचे वय होते चौतीस. हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत हे घडले आणि त्यांतल्या अनेकांना तो खेळाचाच एक भाग वाटला. कित्येकांना वाटले, बाहुला टाकला असेल. निवेदक जिम रॉस यांना घरी बसलेल्या प्रेक्षकांना परोपरीने सांगावे लागले की हा करमणुकीचा भाग नव्हे. ओवेन गेल्याची वार्ता घरच्या प्रेक्षकांना सांगण्यात आली. सभागृहातल्यांना ती सांगितलीच नाही. कार्यक्रम शेवटपर्यंत चालू राहिला.

त्या सभागृहात मार्कही होते, स्मार्टही होते. माणूस मरत असताना दोघांचेही शहाणपण तोकडे पडले, आणि अधिक कोणाचे पडले असेल? जो सगळे खरे मानतो, त्याच्या पोटात निदान गोळा उठला असेल. जो ‘हे सगळे ठरवून असते’ असे म्हणावयास शिकला आहे, त्याला आपण फसवले जाऊ नये याचीच चिंता पहिली. एरवी फसणारा माणूस पैसे गमावतो. फसण्याच्या भीतीने आधीच हसून मोकळा होणारा त्याहून मोठे काही गमावतो. सर्व काही खोटे आहे, ही समजूतसुद्धा एक भाबडेपणाच आहे. तिला फक्त मिशा फुटलेल्या असतात.

तर मग करावे काय? डोळे मिटून भाबडे व्हावे, असे मी म्हणत नाही. प्रेक्षकांच्या याच बोलीत आणखी एक शब्द आहे, ‘मार्क आउट’ होणे. सर्व जाणणारा प्रेक्षक एखाद्या क्षणी भान विसरतो, खुर्चीवरून उठतो आणि पोरासारखा ओरडतो, त्याला हे म्हणतात. २०१४ साली डॅनियल ब्रायन या लहान चणीच्या पैलवानाला कंपनीने आघाडीवर आणावयाचे टाळले, तेव्हा भाबडे आणि शहाणे महिनोन्महिने एका सुरात त्याच्या नावाचा घोष करीत राहिले. अखेर कंपनीला बेत बदलावा लागला आणि ६ एप्रिलला न्यू ऑर्लिअन्स येथे तो विजेता झाला. निकाल ठरवलेलाच होता. पण तो ठरवण्यात त्या आवाजाचा वाटा होता, आणि आनंद तर कोणीच ठरवून दिलेला नव्हता.

आजोबांना मी एकदा विचारले होते, “दारासिंग आणि किंगकाँगची कुस्ती खरी होती का हो?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नुरा असंल. आम्हाला काय कळत नव्हतं व्हय? पण किंगकाँगला उचलला तेव्हा तो पेलला नसता तर दाराचीच मान मोडली असती. मी तिकडं बघत होतो.”

किंगकाँग खोटा, वैर खोटे, निकालही खोटा. त्याचे वजन मात्र खरे होते, आणि आजोबांची नजर त्या वजनावर होती. प्रेक्षकाने कोणत्या जातीचे असावे असे मला कोणी विचारले, तर मी त्यांच्याकडे बोट दाखवीन.