गोळी बंद झाल्यानंतर

नैराश्यावर औषध घ्या, असं सांगणारे आता पुष्कळ भेटतात. ते औषध बंद झाल्यानंतरच्या दिवसांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. ते दिवस मी काढले आहेत.

दोन वर्षं गोळी घेतल्यावर डॉक्टरांनीच ती उतरवत नेली. त्याला चार-साडेचार महिने लागले. ही औषधं आपल्या मनानं एकदम तोडायची नसतात. मेंदूला त्यांची सवय झालेली असते. मग चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकून गेल्यासारखा झटका, असे त्रास बहुधा थोड्याच दिवसांत सुरू होतात. मूळ आजार परतायचा असेल तर तो सहसा काही आठवड्यांनी, महिन्यांनी, पाय न वाजवता येतो.

माझी चक्कर पंधरवड्यात गेली. तिसऱ्या महिन्यात मात्र पहाटे चारला जाग येऊ लागली. वाचलेली ओळ डोक्यात शिरेना. कवीला उदास राहण्याचा परवानाच असतो, असं लोक धरून चालतात. त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. पत्नीला वाटलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या झोपेचे तास लिहीत होती. पाच, चार, साडेतीन. ते पान घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दर आठवड्याला समुपदेशन सांगितलं आणि पंधरा दिवसांत उतार पडला नाही तर गोळी पुन्हा सुरू करायची, असं ठरवलं. त्यात मला कमीपणा वाटला नाही. रक्तदाबाची गोळी मी रोज घेतोच की!

मामूजान म्हणाले, "बेटा, दुवा करतो." दुवा घेतली आणि तपासणीची तारीखही पाळली.

मिरजेत माझा एक मित्र तंबोरे बनवतो. दर शनिवारी त्याच्याकडे जाऊ लागलो. "कसं वाटतंय?" असं त्यानं एकदाही विचारलं नाही. "ये, बस," म्हणायचा आणि भोपळा घासायला द्यायचा. स्वतः घोडीवर तारेखालचा धागा सरकवत जवारी लावत असायचा. दोन-दोन तास आम्ही बोलत नसू. उपदेश ऐकायची ताकद नसते तेव्हा असं माणूस फार लागतं. न गेलो तर संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "भोपळा तसाच पडलाय."

पण जगूच नये, असं वाटू लागलं तर शनिवारची वाट पाहू नये. त्याच घटकेला घरातल्या कुणाला तरी उठवावं. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, मोफत आणि मराठीतही.

माझी झोप हळूहळू साडेपाच तासांवर आली. गोळी सुरू करावी लागली नाही, पण डॉक्टरांच्या तारखा चालू आहेत. कॅलेंडरवरचे आकडे आता मीच लिहितो.