अंडी दिसेनाशी झाली, पित्ताचे काय?



अध्यक्षपदावरून साऱ्या विषयाचा धावता आढावा घ्यायची आपल्याकडे प्रथा आहे. ती बाजूला ठेवून आज मी एकच मुद्दा मांडणार आहे. यकृतातल्या परजीवी रोगावर औषध दिल्यावर रुग्ण बरा झाला, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? शौचाच्या तपासणीत अंडी सापडली नाहीत की आपण केसपेपर बंद करतो. हा निकष अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. यकृतकृमी राहतो पित्तात, बिघाड करतो पित्तनलिकेत आणि औषधाने मरतोही तिथेच. तेव्हा रोग गेला की नाही याची साक्ष पित्ताकडूनच घ्यायला हवी, आणि पित्ताची साक्ष म्हणजे मुख्यतः पित्ताम्लांची साक्ष.

इथे बसलेल्यांना पित्ताम्लांची ओळख करून द्यायला नको, पण युक्तिवादासाठी दोन गोष्टींची उजळणी करतो. यकृत कोलेस्टेरॉलपासून कोलिक आणि किनोडीऑक्सिकोलिक ही प्राथमिक आम्ले बनवते आणि ग्लायसीन किंवा टॉरीनशी जोडून पित्तात सोडते. आतड्यातले जीवाणू त्यांच्यापासून डीऑक्सिकोलिक आणि लिथोकोलिक ही दुय्यम आम्ले तयार करतात. यांतला सुमारे 95 टक्के भाग आतड्यातून शोषला जाऊन पुन्हा यकृतात येतो. प्रौढ माणसाच्या शरीरातला हा सगळा साठा 2 ते 4 ग्रॅमच्या आसपास. तोच दिवसातून अनेकदा फिरत राहतो. स्निग्ध पदार्थ पचवणे एवढेच या आम्लांचे काम आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. 1999 साली पेशीकेंद्रातला एफएक्सआर हा ग्राहक पित्ताम्ले ओळखतो हे सिद्ध झाले आणि ती समजूत मागे पडली. पित्ताम्ले वाढली की हाच ग्राहक त्यांची निर्मिती आवरतो आणि त्यांना पेशीबाहेर काढण्याची व्यवस्था वाढवतो. म्हणून नलिकेतला अडथळा केवळ नळ तुंबल्यासारखा समजणे चूक आहे; त्याने यकृतपेशीला मिळणारे संदेशच बदलतात.

परजीवींनी हे रसायन आपल्या कितीतरी आधी ओळखले आहे. स्मिथ आणि हेझलवुड यांनी 1963 साली यकृतात गाठी करणाऱ्या हायडॅटिडच्या कृमीबद्दल दाखवून दिले, की डीऑक्सिकोलिक आम्ल भरपूर असलेल्या पित्तात त्याची पिल्ले विरघळून जातात. कुत्र्याच्या पित्तात मात्र ती सुखरूप राहतात. कुत्रा हा त्या कृमीचा अंतिम यजमान का, याच्या उत्तराचा मोठा भाग पित्ताच्या घटकांत आहे. पूर्व आशियातल्या क्लोनॉर्किस या यकृतकृमीची नुकती कवचाबाहेर आलेली पिल्ले कोलिक आम्लाच्या दिशेने सरकतात आणि लिथोकोलिक आम्लापासून दूर जातात, हेही प्रयोगांत दिसले आहे. ज्याच्या आधारे परजीवी आपले घर शोधतो, त्याचीच नोंद वैद्याने ठेवू नये, हे मला पटत नाही.

आता ईशान्य थायलंडकडे, म्हणजे इसान प्रांताकडे वळतो, कारण या प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत त्या लोकांनी मोजली आहे. तिथे कच्च्या माशांचा ‘कोई प्ला’ आवडीने खाल्ला जातो आणि त्यातून ऑपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी हा कृमी पोटात जातो. यकृताच्या आतल्या पित्तनलिकांत तो वर्षानुवर्षे राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले. पित्तनलिकेच्या कर्करोगाचे जगातले सर्वाधिक प्रमाण याच भागात आहे. प्राझिक्वाँटेल हे तिथले मुख्य औषध. ते कृमीला आखडवते आणि मेलेला कृमी पित्ताबरोबर आतड्यात वाहून जातो. औषधाने पित्ताशयाचे दोष बऱ्याच अंशी मागे फिरतात, हे सोनोग्राफीने दाखवले आहे आणि ते मोठे यश आहे. पण काही रुग्णांत नलिकांभोवतीचे तंतुमय जाड आवरण उपचारानंतरही टिकून राहते, हेही तिथल्याच अभ्यासांनी दाखवले. अंडी गेली, व्रण राहिला. त्या नलिकांतून वाहणारे पित्त पूर्ववत झाले असेल, हे गृहीत धरायला काहीच आधार नाही. शिवाय हॅमस्टरवरच्या प्रयोगांत मरणाऱ्या कृमींतून सुटलेल्या द्रव्यांमुळे उपचारानंतर काही काळ दाह आणि ऑक्सिडीकरणाचा ताण वाढलेला दिसला. जो माणूस पुन्हा मासे खातो, पुन्हा बाधित होतो आणि पुन्हा गोळी घेतो, त्याच्या नलिका या चक्रातून वारंवार जातात.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. पित्ताम्लांतला बदल हा अडथळ्याचा नुसता परिणाम आहे. अडथळा काढा, बदल आपोआप जाईल, मग वेगळे मोजायचे कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. पण नलिकेतला बिघाड केवळ अडथळ्याने होत नाही. आपल्या गाई-म्हशींच्या यकृतात सापडणाऱ्या पर्णकृमीचा भाऊबंद फॅसिओला हेपॅटिका हा प्रोलिन नावाचे अमिनो आम्ल मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतो, आणि नुसते प्रोलिन दिलेल्या उंदरांतही पित्तनलिकांची वाढ झालेली 1977 साली दिसली. ऑपिस्थॉर्किस तर ग्रॅन्युलिन नावाचे प्रथिन सोडून यजमानाच्या पेशींना वाढायला लावतो. कृमीने बदललेल्या अशा अस्तरावरून पित्ताम्ले रोज वाहत असतात. कारण आणि परिणाम इथे एकमेकांत इतके गुंतले आहेत, की एकाच टोकाला मोजमाप करून दुसऱ्या टोकाबद्दल निर्वाळा देणे शास्त्रीय नव्हे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. खेड्यातल्या शिबिरात अंडी मोजायलाच माणसे पुरत नाहीत, तिथे पित्ताम्ले कोण मोजणार? ही अडचण खोटी नाही, आणि प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करा असे मी म्हणत नाही. सामूहिक उपचारांमुळे असंख्य माणसे वाचली आहेत. त्यांची गती कमी करणारी कोणतीही सूचना मी करणार नाही. माझा आग्रह औषधांच्या चाचण्यांपुरता आणि मोठ्या रुग्णालयांतल्या पाठपुराव्यापुरता आहे. रक्तातली एकूण पित्ताम्ले मोजणे आज अवघड राहिलेले नाही. गरोदरपणातल्या कावीळसदृश विकारासाठी आपली रुग्णालये ती चाचणी करतातच.

हायडॅटिडच्या बाबतीत तर पित्ताला विचारण्याचा धडा आपण शिकलेलो आहोत. गाठीत सुई घालून कृमिनाशक द्रव सोडण्याआधी बाहेर काढलेल्या पाण्यात बिलिरुबिन आहे का, हे आपण तपासतो. गाठ पित्तनलिकेला जोडलेली असेल, तर तो द्रव नलिकेत उतरून तिला कायमची आकुंचित करू शकतो. म्हणजे तिथे परजीवी मारण्याआधी आपण पित्ताला विचारतो. अल्बेंडाझोल या कृमिनाशक औषधाचे तेच: तेलकट जेवणाबरोबर ते अनेकपट अधिक शोषले जाते, आणि पित्तमार्ग अडलेल्या रुग्णात त्याचा क्रियाशील अंश रक्तात जास्त काळ, जास्त प्रमाणात राहतो. तेव्हा एकच मात्रा दोन रुग्णांत एकच मात्रा राहत नाही. आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या अमीबाजन्य यकृतगळूतही हा विचार लागू पडतो. दुय्यम पित्ताम्ले बनवणारे जीवाणू ऑक्सिजनविना जगणारे, आणि या गळूवर दिले जाणारे मेट्रोनिडाझोल नेमके अशाच जीवाणूंवर चालते. जीव वाचवण्यासाठी ते द्यायलाच हवे. पण त्या उपचारात आतड्यातल्या जीवाणूंच्या कामाचे काय होते, याची नोंद आपल्या संशोधनात फार क्वचित होते.

एका उतावळेपणापासून मात्र सावध करतो. पित्ताम्ले बदलतात म्हणून प्रत्येक कृमिरुग्णाला अर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल लिहून देणे योग्य नाही. आधी मोजले पाहिजे, मग चाचणी घेतली पाहिजे आणि त्यानंतरच औषध सुचवले पाहिजे.

म्हणून या परिषदेला माझी विनंती आहे. यकृताच्या परजीवी रोगांवरच्या यापुढच्या प्रत्येक औषधचाचणीत उपचाराआधी आणि नंतर सोनोग्राफी आणि रक्तातली पित्ताम्ले यांची नोंद घ्या, आणि कृमी मेल्यानंतरही ती किमान वर्षभर चालू ठेवा. पशुवैद्यक सहकाऱ्यांनी कत्तलखान्यात मिळणाऱ्या बाधित यकृतांतले पित्त टाकून न देता तपासावे. ते नमुने आपल्या हातातले आहेत. हे काम याच वर्षी सुरू करा.