उठण्यापूर्वीचा क्षणभर थांबा
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी आरोग्य मेळाव्यातील भाषण)



मी वैद्य नव्हे, बी.कॉम. होऊन कापडाच्या गादीवर बसलेला व्यापारी आहे. तथापि पार्किन्सन या व्याधीशी सात वर्षांचा परिचय असल्याने बोलण्याचे धाडस करीत आहे. खातेवहीतील माझे अक्षर बारीक होत चालल्याचे प्रथम मुनीमजींच्या ध्यानी आले. पुढे गादीवरून उठताना दोघांचा हात लागू लागला. गिऱ्हाइकांसमोर ती शोभा नको म्हणून मी दुकानी जाणेच सोडले.

घरी प्रत्येक जण प्रेमाने म्हणे, "ताठ उभे राहा." मी छाती काढी, श्वास कोंडून धरी आणि तोल अधिकच जाई.

कन्या लंडनला असते. तिच्याकडील मुक्कामात अलेक्झांडर तंत्राचे पाठ घेण्याचा योग आला. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हे १८६९ साली टास्मानियात जन्मलेले नट. प्रयोगात आवाज बसू लागला, तेव्हा आरशापुढे उभे राहून त्यांनी स्वतःला न्याहाळले. बोलू लागताच आपण मान मागे ओढतो, हे त्यांना दिसले. आणि ही सवय जोर लावून सुटत नाही, हेही उमगले.

पहिल्या पाठात शिक्षिकेने मानेवर अलगद हात ठेवून सांगितले, "उठायचे आहे असा विचार करा, पण उठू नका." व्यापारी मनाला वाटले, फी वाया गेली! परंतु त्या थांबण्यातच सारे होते. मान सैल सोडावयाची, पावले गुडघ्यांच्या जरा मागे घ्यावयाची, कमरेतून पुढे झुकावयाचे आणि भार पावलांवर आला की उठावयाचे. या व्याधीत मेंदूतील डोपामीन घटते आणि आपोआप होणाऱ्या हालचाली अडखळतात. लक्षपूर्वक केलेली हालचाल मात्र पुष्कळदा साधते.

लंडन येथे ९३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला औषधोपचार चालू ठेवून असे २४ पाठ दिले होते. दैनंदिन कामे त्यांना अधिक सुकर वाटू लागली व सहा महिन्यांनंतरही तो लाभ टिकून होता. इंग्लंडच्या नाइस या संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शिकेत तोल व हालचालींच्या अडचणींसाठी या तंत्राचा विचार करावा, असे म्हटले आहे. व्याधी याने बरी होत नाही. गोळ्यांच्या वेळा आमच्या सौभाग्यवती मुनीमजींहून कडकपणे सांभाळतात.

आता मी रोज दोन तास दुकानी बसतो. गादी सुटली, उंच खुर्ची आली. थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

विश्वस्तांना एकच विनंती. सभागृहात हात टेकता येतील अशा काही खुर्च्या असाव्यात. त्यांवरून कोणी सावकाश उठत असेल, तर त्याला दंडाला धरून ओढू नये. मदत हवी का, एवढे विचारावे. पहिल्या चार खुर्च्या आमच्या पेढीतर्फे उद्या पोचतील.