आधी अक्षरांची यादी, मग यंत्र
(वसंत व्याख्यानमाला, चँडलर, ॲरिझोना)



ओकोटिलो भागातल्या इंटेलच्या चिप कारखान्यामुळे आपल्यातले बरेच जण चँडलरला आले. फिनिक्सच्या उत्तरेला तैवानची चिप कंपनी टीएसएमसी आली, तिच्याबरोबर तैवानी कुटुंबंही आली. त्यांच्यापुढे आपलाच प्रश्न आहे : घरात बोलली जाणारी भाषा मुलांना लिहायला कशी शिकवायची? आता एआयला सूचना देऊन घरबसल्या पाठ तयार करून घेता येतात. चिनीत हे कुठे जमतं आणि कुठे फसतं, ते पाहिलं तर आपल्या मराठी शाळेलाही उपयोग होईल.

चिनीत आपल्यासारखी मुळाक्षरं नाहीत. परकीय विद्यार्थ्यांसाठी चीनने 2021 साली जे प्रमाण ठरवलं, त्यात ओळखता यावीत अशी 3000 चिन्हं आहेत. हाताने लिहायची मात्र 1200. वाचायचं किती आणि लिहायचं किती, हे आधीच वेगळं केलं आहे. एआयला नुसतं ‘सोपा उतारा दे’ म्हटलं, तर न शिकलेली चिन्हंही त्यात बिनदिक्कत येतात. म्हणून सूचनेतच यादी द्यावी लागते. लिपीही सांगावी लागते : चीनमधली 1956 पासूनची सुलभ, की तैवानमधली पारंपरिक?

आता मराठीकडे या. सूचना अशी लिहा : ‘मूल आठ वर्षांचं. येणारी अक्षरं क, ग, घ, त, न, ब, म, र, ल. फक्त काना. पाच वाक्यं.’ ‘काका बाग बघतात’ हे वाक्य या यादीत चोख बसतं. पण लगेच ‘माकड बागेत बसले’ असंही येऊ शकतं. त्यातला ड आणि स मुलाला येत नाहीत, मात्राही शिकवलेली नाही. तेव्हा उतारा मुलाच्या हाती देण्याआधी आपण अक्षर न् अक्षर तपासायचा.

दुसरी मेख अक्षराच्या रूपाची. महाराष्ट्र शासनाच्या प्रमाण वर्णमालेत ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदी वळणाचा ल वेगळा दिसतो, पण संगणकात प्रत्येक अक्षराला जो क्रमांक असतो, तो दोन्हींचा एकच. एआय क्रमांक देतं, रूप फाँट ठरवतो. म्हणजे सूचना कितीही चांगली लिहिली, तरी फाँट चुकीचा असेल तर मूल हिंदी वळणच गिरवणार.

हाताच्या वळणाचंही तसंच. चिनीत झाडाच्या चिन्हाला चार रेषा : आधी आडवी, मग उभी, नंतर डावीकडे उतरणारी, शेवटी उजवीकडची. असं सोपं चिन्ह एआय बरोबर सांगेल. अवघड चिन्हाच्या रेषांचा क्रम मात्र तितक्याच ठामपणे चुकीचा सांगू शकतं. वहीत मुलाची पेन्सिल कुठून निघाली, हे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसतं.

सरावाचे उतारे यंत्राकडून जरूर घ्या, शिक्षकांचा तेवढा वेळ वाचेल. तो वाचलेला वेळ मुलाच्या वहीशेजारी बसण्यात घालवा, एवढीच विनंती.